घरात सुई टोचली आणि एचआयव्हीची धास्ती बसली, तर काय करावे

घरात आवराआवर करताना एखादी सुई बोटात घुसते, रक्ताचा थेंब वर येतो आणि त्याच क्षणी मनात शंकेची पाल चुकचुकते की ही सुई कुणाची होती आणि तिला कुणाचे रक्त लागलेले तर नव्हते. पुष्कळ माणसे एवढ्या एका शंकेपायी महिनोन्‌महिने झोप गमावून बसतात. मी त्यांच्यापैकी एक आहे. वडिलांचा औषधांचा खण आवरताना त्यांच्या इन्सुलिन पेनची वापरलेली सुई माझ्या करंगळीत घुसली होती. शस्त्रक्रियेपूर्वी झालेल्या त्यांच्या एचआयव्ही तपासणीचा निगेटिव्ह अहवाल त्याच खोलीतल्या कपाटात होता, तो मी स्वतः वाचलेला होता, आणि तरीही पुढचे दोन महिने माझ्या जिवाला घोर लागून राहिला. त्यामुळे ‘उगाच काळजी करू नका’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. कोणती गोष्ट कधी करायची आणि कोणती अजिबात करायची नाही हे नेमके कळले, तर मात्र पुष्कळ भागते. या लेखात तेच क्रमाने सांगितले आहे.

पहिला अर्धा तास

टोचलेली जागा वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने नीट धुवावी. रक्त आपणहून येत असेल तर येऊ द्यावे, पण बोट पिळून किंवा दाबून रक्त काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याचा काही उपयोग होत असल्याचे दिसलेले नाही, उलट जखमेभोवतीच्या पेशींना इजा होते. बोट तोंडात घालून चोखण्याची सवय अनेकांना असते, ती येथे कटाक्षाने टाळावी. फरशी पुसण्याचे जंतुनाशक किंवा ब्लीच जखमेवर ओतू नये, कारण त्याने कातडी भाजते आणि विषाणूच्या बाबतीत साबण-पाण्यापेक्षा अधिक काही साधत नाही. जखम कोरडी करून साधी पट्टी लावली की जखमेचे काम संपते.

सुई घाईघाईने कचऱ्यात टाकू नये. ती जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, टोक खाली करून, सुरक्षित ठेवावी. डॉक्टरांना ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहता येते, म्हणून ती हाताशी असलेली बरी. सुई तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. सुईवरच्या अंशाची तपासणी भरवशाची नसते, आणि डॉक्टरही ती करण्याचा सल्ला देत नाहीत.

यानंतरची कृती बहुतेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. एक कागद घेऊन घडले ते लगेच लिहून काढावे. तारीख आणि वेळ लिहावी. सुई शिवणाची होती, टाचणी होती, साखर तपासण्याचे लॅन्सेट होते, इन्सुलिन पेनची सुई होती की सिरिंजची, हे लिहावे. ती पोकळ होती की भरीव, तिच्यावर डोळ्यांना दिसेल असे रक्त होते का, ते ओले होते की सुकलेले, सुई किती खोल गेली, मध्ये कपडा किंवा हातमोजा होता का, ती शेवटची कुणी आणि केव्हा वापरली, याची उत्तरे लिहावीत. जे ठाऊक नाही त्यापुढे ‘माहीत नाही’ असे लिहावे. शक्य असल्यास सुईचा फोटो काढून ठेवावा.

या टिपणाचा डॉक्टरांना उपयोग होतोच, परंतु त्याचे खरे काम पुढच्या आठवड्यांत असते. भीती आठवणीत बदल करते. माझ्या बोटाला टोचलेली सुई स्वच्छ दिसत होती, हे त्या दिवशी मी घरच्यांना सांगितले होते. तिसऱ्या दिवशी रात्री मला तिच्या टोकाशी एक तांबूस ठिपका ‘आठवू’ लागला आणि आठवड्याभराने तो ठिपका चांगला थेंबाएवढा झाला. मी ते कुठे लिहून ठेवले नव्हते, म्हणून माझ्यापाशी मनाला दाखवायला पुरावा नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात लिहिलेला कागद हाच घटनेचा खरा साक्षीदार असतो, आणि नंतर मन जे नवे तपशील पुढे करते ते त्या कागदावर नसतील तर त्यांना उत्तर देण्यास आपण बांधील नसतो.

धोका कसा तोलावा

एचआयव्हीची लागण सुईमुळे होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. सुई ज्याला आधी टोचली त्याच्या रक्तात हा विषाणू असला पाहिजे, ते रक्त पुरेशा प्रमाणात सुईत शिल्लक असले पाहिजे आणि त्यातील विषाणू अजून लागण करण्याच्या स्थितीत असला पाहिजे. यांपैकी एक गोष्ट जरी नसली, तरी पुढचे सारे तर्क गळून पडतात.

पहिली गोष्ट वाटते त्याहून अधिक निर्णायक आहे. एचआयव्ही हवेतून, गंजातून, धुळीतून किंवा जुनाट सुईतून आपोआप तयार होत नाही. मधुमेह असलेल्या ज्या माणसाला एचआयव्ही नाही, त्याची सुई शंभर वेळा टोचली तरी तिच्यातून एचआयव्ही येणार नाही. स्वतःसाठी वापरलेली सुई स्वतःलाच पुन्हा टोचली तर नवीन लागण होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घरातील बहुसंख्य घटना या दोन प्रकारांत मोडतात, आणि तरीही माणसे त्याच प्रकारांत सर्वाधिक तडफडतात, कारण ‘पण कुणास ठाऊक’ हे तीन शब्द त्यांच्या मनातून जात नाहीत. अशा वेळी घरातल्या त्या व्यक्तीला मोकळेपणाने विचारावे. ‘तुमची सुई मला टोचली आहे, डॉक्टर विचारतील म्हणून विचारते, तुमची एचआयव्ही आणि काविळीची तपासणी कधी झाली होती का’ असे सरळ शब्दांत विचारल्यास सहसा कुणी रागावत नाही. त्यांची तयारी असेल तर त्यांची रक्ततपासणी करून घेणे हा संशय मिटवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे. ती त्यांच्या संमतीनेच व्हावी आणि तिचा निकाल चारचौघांत बोलला जाऊ नये.

दुसरी गोष्ट सुईच्या जातीवर अवलंबून असते. शिवणाची सुई, टाचणी आणि सेफ्टी पिन भरीव असतात. त्यांच्या आत रक्त साठायला जागा नसते, आणि पृष्ठभागावर काही लागले असलेच तर ते कापडातून आत-बाहेर होताना पुसले जाते. येथे एक साधी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. टोचल्यावर बोटावर जो लाल थेंब दिसतो तो आपलाच असतो. तो आपल्या शरीरातून बाहेर आलेला असतो, बाहेरून आत गेलेला नसतो. थेंब दिसल्यामुळे धोका वाढत नाही, सुई कातडीच्या खालपर्यंत पोचली होती एवढेच त्यावरून कळते. साखर तपासण्याच्या लॅन्सेटचे पातेही भरीव असते, परंतु ते रक्त काढण्यासाठीच वापरले जाते, म्हणून एकाचे लॅन्सेट दुसऱ्याने कधीही वापरू नये. इन्सुलिन पेनची सुई पोकळ असली तरी अतिशय बारीक असते. तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर आणि लांबी बहुधा ४ ते ८ मिलिमीटर असते, आणि ती शिरेत न जाता कातडीखालच्या चरबीत जाते, त्यामुळे तिच्यात रक्त राहिलेच तर ते अगदी अल्प असते. शिरेतून रक्त काढण्यासाठी किंवा शिरेत औषध देण्यासाठी वापरलेली पोकळ, जाड सुई हा मात्र गांभीर्याने घेण्याचा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट काळाची. एचआयव्ही शरीराबाहेर स्वतःची वाढ करू शकत नाही. रक्त उघड्यावर सुकले की काही तासांतच लागण करू शकणाऱ्या विषाणूंचे प्रमाण ९० ते ९९ टक्क्यांनी घटते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. या नियमाला एक अपवाद आहे आणि तो लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सिरिंजच्या आत बंद राहिलेल्या रक्तात, विशिष्ट तापमानाला, विषाणू ४२ दिवसांपर्यंत टिकल्याचे प्रयोगात आढळले आहे. म्हणूनच कुठेतरी सापडलेली, आत रक्त दिसणारी सिरिंज आणि वर्षभर डब्यात पडून राहिलेली शिवणाची सुई यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

आता आकड्यांकडे वळू. रुग्णालयात, एचआयव्ही असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्या रुग्णाचे रक्त लागलेली सुई कर्मचाऱ्याला टोचल्यास आणि कोणतेही प्रतिबंधक औषध न घेतल्यास लागण होण्याचे प्रमाण सुमारे ०.२३ टक्के मानले जाते. म्हणजे अशा हजार घटनांपैकी दोन-तीन घटनांत लागण होते आणि उरलेल्या नऊशे सत्त्याण्णवांत होत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की जखम खोल असणे, उपकरणावर रक्त डोळ्यांना दिसणे, ती सुई रुग्णाच्या शिरेत किंवा धमनीत घातलेली असणे आणि रुग्णाचा आजार शेवटच्या टप्प्यात असणे, या चार गोष्टींमुळे हा धोका वाढतो. अमेरिकेत १९८५ ते २०१३ या काळात आरोग्यसेवेतील कामातून एचआयव्हीची लागण झाल्याच्या ५८ निश्चित घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी १९९९ नंतरची केवळ एक होती. ही आकडेवारी दिवसभर सुया हाताळणाऱ्या, रुग्णांच्या रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या माणसांची आहे. बाहेर टाकून दिलेल्या सुया मुलांना टोचल्याच्या घटनांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत एचआयव्हीची लागण आढळलेली नाही, हिपॅटायटिस बी आणि सी (काविळीचे दोन विषाणू) यांची मात्र तुरळक उदाहरणे आढळली आहेत.

घरात एचआयव्ही असलेली व्यक्ती असेल आणि ती नियमित औषधे घेत असेल, तर तिच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत सापडणारही नाही इतके खाली गेलेले असू शकते. तिची सुई टोचल्यास डॉक्टरांकडे जायचेच असते, परंतु अशा वेळी धोका वर सांगितलेल्या आकड्याहूनही पुष्कळ कमी असतो. त्या व्यक्तीची भांडी वेगळी काढणे, तिच्या अंथरुणापासून दूर राहणे किंवा तिच्याशी अबोला धरणे याला काडीचाही शास्त्रीय आधार नाही. लाळ, घाम, अश्रू, एकत्र जेवणे किंवा मिठी मारणे यांतून एचआयव्ही पसरत नाही. मला या बाबतीत फार तीव्रतेने वाटते, कारण सुई एका क्षणात टोचून जाते, पण घरात निर्माण झालेला दुरावा वर्षानुवर्षे राहतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

सुई स्वतःचीच असेल किंवा शिवणाची असेल आणि तिच्यावर कुणाचे रक्त नसेल, तर एचआयव्हीसाठी डॉक्टरांकडे जाण्याची गरज नाही. धनुर्वाताच्या लसीची तारीख तेवढी पाहावी. स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या मात्रेला दहा वर्षे आणि मळलेल्या जखमेसाठी पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घेण्याचा सल्ला दिला जातो.

सुई दुसऱ्या कुणाची असेल आणि त्या व्यक्तीची स्थिती माहीत नसेल, सुई बाहेर सापडलेली असेल, तिच्यात रक्त दिसत असेल, किंवा त्या व्यक्तीला एचआयव्ही अथवा काविळीचा विषाणू असल्याचे ठाऊक असेल, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. संपर्कानंतर घ्यायचे प्रतिबंधक औषध, ज्याला डॉक्टर ‘पेप’ म्हणतात, ते सुरू करण्याची मुदत ७२ तासांची असते. परंतु ही शेवटची मर्यादा आहे. पहिल्या काही तासांत सुरू केलेले औषध अधिक भरवशाचे ठरते, म्हणून ‘अजून दोन दिवस आहेत, विचार करून पाहू’ असे म्हणत बसू नये. औषध एकूण २८ दिवस घ्यावे लागते आणि त्यात बहुधा तीन औषधांचा मेळ असतो, उदाहरणार्थ टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन किंवा एमट्रिसिटाबिन, आणि डोलुटेग्रॅव्हिर. मळमळ, डोकेदुखी, थकवा असे त्रास काहींना होतात, ते सोसण्याजोगे असतात. पोटातील आम्लावरची औषधे, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगावे, कारण त्यांच्यामुळे डोलुटेग्रॅव्हिरचे शोषण कमी होते. मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण किंवा हिपॅटायटिस बी असेल तर तेही सांगावे. गोळ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून आणून स्वतःच सुरू करू नयेत, आणि सुरू केलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत.

डॉक्टरांनी टिपण वाचून, सुई पाहून ‘पेपची गरज नाही’ असे सांगितले तर तो निर्णय निष्काळजीपणाचा समजू नये. जिथे धोका नगण्य आहे तिथे महिनाभर औषधे खाण्यात शहाणपण नाही. निर्णयाचे कारण विचारून घ्यावे आणि ते त्याच कागदावर, टिपणाच्या खाली, लिहून ठेवावे.

आपण सारे एचआयव्हीच्या नावाने घाबरतो, पण सुईतून अधिक सहज पसरणारा विषाणू हिपॅटायटिस बी आहे. तो शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याचे प्रमाण, त्या रुग्णाच्या स्थितीनुसार, ६ ते ३० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. यावर खात्रीचा उपाय उपलब्ध आहे. आधी लस पूर्ण झालेली असेल तर संरक्षण चांगले असते, आणि झालेली नसेल तर टोचल्यानंतर लगेच, शक्यतो २४ तासांच्या आत, लस सुरू करता येते. गरजेनुसार तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचे, इंजेक्शनही दिले जाते. हिपॅटायटिस सी वर लस नाही आणि टोचल्यानंतर घ्यायचे प्रतिबंधक औषधही नाही, पण सुईतून तो लागण्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे आणि लागण झालीच तर आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक सर्व रुग्ण पूर्ण बरे होतात. डॉक्टरांशी बोलताना या दोन्हींचा विषय आपणहून काढावा. एचआयव्हीच्या धसक्यापायी माणसे नेमकी हिपॅटायटिस बीची लस घ्यायला विसरतात.

तपासणीच्या तारखा आधीच ठरवाव्यात

पहिली तपासणी घटनेच्या सुमारास होते. ती त्या सुईबद्दल काहीच सांगत नाही, आपली त्याआधीची स्थिती काय होती एवढेच दाखवते. लागण झाल्यानंतर ती तपासणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातो, त्याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंड दोन्ही पाहणारी, शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत केली जाणारी तपासणी बहुधा १८ ते ४५ दिवसांत लागण दाखवते. केवळ प्रतिपिंड पाहणाऱ्या तपासणीला २३ ते ९० दिवस लागू शकतात. याचा अर्थ असा की पेप घेतलेले नसेल आणि पहिल्या प्रकारची तपासणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर त्या घटनेपुरता प्रश्न मिटला. पेप घेतलेले असेल तर तारखा थोड्या पुढे जातात आणि साधारण बाराव्या आठवड्याची तपासणी अखेरची मानली जाते. डॉक्टर सांगतील त्या एक किंवा दोन तारखा दिनदर्शिकेवर लिहाव्यात आणि त्यांच्याशिवाय एकही तपासणी करू नये. मी ठरलेल्या तपासणीआधी दोनदा आणि तिच्यानंतर एकदा रक्त दिले. पहिल्या दोन अहवालांनी दिलासा दिला नाही, कारण ‘अजून लवकर आहे’ हे मला माहीत होते, आणि शेवटच्या अहवालाने दिलासा दिला तो जेमतेम दोन दिवस टिकला.

भीती हा वेगळा विषय आहे

जखमेची व्यवस्था लागली, डॉक्टरांचा निर्णय झाला, तारखा ठरल्या. यानंतर जे उरते ते एचआयव्हीविषयी नसते, ते अनिश्चिततेविषयी असते. सुई टोचल्याच्या धास्तीने खचलेल्या माणसांना माहिती कमी असते असे नाही, उलट ती त्यांना तोंडपाठ असते. त्यांना हवी असते शंभर टक्के खात्री, आणि तशी खात्री कोणताही डॉक्टर, कोणतीही तपासणी देऊ शकत नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

ही भीती कशी वाढते हे समजले की तिला आवर घालणे सोपे जाते. मनात शंका येते, छातीत धडधडते. आपण इंटरनेटवर काहीतरी शोधतो किंवा घरच्यांना विसाव्यांदा विचारतो, ‘काही होणार नाही ना?’ ते ‘नाही’ म्हणतात आणि जिवात जीव येतो. पण तेवढ्यानेच मेंदू असा धडा घेतो की धोका खरोखर होता आणि विचारल्यामुळेच आपण वाचलो. तासाभराने शंका परत येते आणि या वेळी तिला अधिक मोठे आश्वासन लागते. म्हणून आश्वासन मागणे हा उपाय वाटला तरी तेच भीतीचे खाद्य आहे. ते एकदम बंद करणे जड जात असेल तर लांबवावे. विचारण्याची ऊर्मी आली की घड्याळ पाहून वीस मिनिटे थांबावे, दुसऱ्या दिवशी चाळीस. बहुतेक वेळा ऊर्मीची लाट तेवढ्या अवधीत स्वतःच ओसरते, आणि ती आपणहून ओसरते हे शरीराने अनुभवणे हीच खरी शिकवण असते. घरच्यांनाही सांगून ठेवावे की त्यांनी ‘काही होणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तू हे कागदावर लिहून ठेवले आहेस’ एवढेच म्हणावे. सुरुवातीला हे उत्तर कठोर वाटते. माझ्या घरी जेव्हा कुणीतरी असे आश्वासन देणे थांबवले, तेव्हाच माझी गाडी रुळावर येऊ लागली.

शरीराची झडती घेणेही थांबवावे लागते. एचआयव्हीची ताजी लागण झाल्यास साधारण दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, पुरळ, गाठी सुजणे अशी लक्षणे दिसू शकतात, हे वाचले की माणूस दिवसातून दहादा मानेच्या गाठी चाचपतो. वारंवार दाबल्यामुळेच त्या दुखू लागतात आणि दुखतात म्हणून आणखी दाबल्या जातात. जुलाब, घाम, अशक्तपणा, भूक न लागणे, तोंडाला कोरड पडणे ही निव्वळ चिंतेचीही लक्षणे आहेत. लक्षणांवरून एचआयव्ही आहे की नाही हे डॉक्टरांनाही ठरवता येत नाही, ते फक्त तपासणी ठरवते. तेव्हा दिवसातून पाच वेळा ताप मोजून काहीही निष्पन्न होत नाही. खरोखर ताप किंवा पुरळ आलेच, तर डॉक्टरांना एकदा दाखवावे आणि त्यांच्या निर्णयावर थांबावे.

काळजीला दिवसातला ठरावीक वेळ देण्याचा प्रयोग अनेकांना उपयोगी पडतो. संध्याकाळची पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, त्या वेळी खुर्चीत बसून जी काय काळजी करायची ती करावी, हवे तर वहीत लिहावी. दिवसभरात शंका आली की तिला ‘संध्याकाळी’ असे सांगावे. झोपण्याच्या वेळी मात्र हा प्रयोग करू नये.

काही जणांची भीती येवढ्याने आटोक्यात येत नाही. घटनेला काही महिने उलटून, अखेरचा अहवाल निगेटिव्ह येऊनही विचार सुटत नसतील, हात पुन्हा पुन्हा धुतले जात असतील, प्रत्येक लाल डाग रक्ताचा वाटत असेल, शिवणकाम, बिछाना आवरणे किंवा मुलांना जवळ घेणेही टाळले जात असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, किंवा आरोग्यविषयक चिंतेचा विकार असू शकतो. त्यावर परिणामकारक उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचारात रुग्णाला भीतीच्या वस्तूला हळूहळू सामोरे जायला आणि त्यानंतरची धुण्या-तपासण्याची कृती न करायला शिकवतात. म्हणजे आधी बंद डबीतल्या शिवणाच्या सुयांकडे पाहायचे, मग डबी उघडायची, मग सुईत दोरा ओवायचा, आणि हात न धुता बसून राहायचे. गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञ गोळ्याही देतात. जगणे नको वाटण्यापर्यंत मजल गेली असेल, तर एक दिवसही न थांबता जवळच्या माणसाला सांगावे आणि तातडीची मदत घ्यावी.

पुन्हा टोचू नये म्हणून

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल किंवा साखर तपासत असेल, तर सुयांसाठी झाकणाचा, जाड भिंतींचा प्लॅस्टिकचा डबा किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची रिकामी बाटली ठेवावी. तिच्यावर ‘वापरलेल्या सुया’ असे लिहावे आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही पण इंजेक्शन घेतो त्या जागेपासून हातभर अंतरावर राहील अशी ठेवावी. डबा दूर असला की सुई ‘आत्तापुरती’ खणात पडते, आणि माझ्या वडिलांच्या खणात नेमके तेच झाले होते. पुष्कळ टोचण्या वापरलेल्या सुईला झाकण लावताना होतात. पेनच्या सुईचे आतले झाकण इतके बारीक असते की नेम थोडा चुकला तरी टोक दुसऱ्या हाताच्या चिमटीत घुसते. म्हणून ते झाकण पुन्हा लावूच नये. सुई पेनवरून काढताना बाहेरचे मोठे झाकण टेबलावर उभे ठेवून, एकाच हाताने पेन त्यात टेकवून फिरवावे आणि सुई थेट डब्यात टाकावी. डबा तीन चतुर्थांश भरला की घट्ट बंद करून, चिकटपट्टी लावून, त्या त्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे द्यावा. सुया सुट्या कचऱ्यात टाकू नयेत किंवा संडासात सोडू नयेत, कारण त्या कचरा उचलणाऱ्या कुणाच्या तरी हाताला लागतात आणि त्या माणसाला सुई कुणाची हे कधीच कळणार नसते. लहान मुलांना एवढेच शिकवावे की कुठेही सुई दिसली तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायची, आणि टोचलीच तर लपवायचे नाही, कारण रागावण्याच्या भीतीने लपवलेल्या घटनेत औषधाचे मोलाचे तास निघून जातात.

अखेरचा अहवाल आला की पहिल्या दिवशीचा तो कागद पुन्हा काढावा. त्यावर टिपणाखाली डॉक्टरांचा निर्णय आहेच, त्याखाली तपासणीची तारीख आणि निकाल लिहावा. पुढे एखाद्या रात्री नवा ठिपका आठवू लागला, तर तो त्या कागदात आहे का हे एकदा पाहावे, आणि नसेल तर कागद घडी घालून जागेवर ठेवावा.